दुरून वार : नेम कसा ठरतो?

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा भूमिका-खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्याच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत दुरून वार करण्याचे नियम असे आहेत :

फासा : २० बाजूंचा फासा टाकून त्यात चपळाई आणि प्रावीण्याचे गुण मिळवायचे. बेरीज लक्ष्याच्या संरक्षणांकाइतकी किंवा जास्त भरली की बाण लागला. फाशावर २० पडले तर वार हमखास लागतो, १ पडला तर हुकतो.

पल्ला : मोठ्या धनुष्याचा साधा पल्ला १५० फूट, कमाल ६०० फूट. साध्या पल्ल्यापलीकडे दोन फासे टाकून कमी आकडा धरतात; कमाल पल्ल्याबाहेर वार करता येत नाही.

शत्रू जवळ : सावध शत्रू ५ फुटांच्या आत असून त्याला धनुर्धर दिसत असेल, तरीही दोनांतला कमी आकडाच धरला जातो.

आडोसा : अर्ध्या आडोशामुळे संरक्षणांक २ ने, पाऊण आडोशामुळे ५ ने वाढतो. पूर्ण आडोशामागच्या लक्ष्यावर थेट नेम धरता येत नाही.

उदाहरण : फासा १२, चपळाई ३, प्रावीण्य २, एकूण १७. संरक्षणांक १५ असलेला शत्रू अर्ध्या भिंतीआड असला (१७), तरी बाण लागतो. पाऊण आडोशाला (२०) हुकतो.

बाण : लढाईनंतर मिनिटभर शोधल्यास वापरलेले निम्मे बाण परत मिळतात.