एचपीची दीडपट

ग्वाल्हेरच्या बिर्लानगरची जियाजीराव कॉटन मिल 1921 सालची. नव्वदच्या दशकात ती बंद पडली, तोवर मालनपूर आणि बानमोरला नवे कारखाने उभे राहिले होते. मी ज्यांच्या हाताखाली मोटारी शिकलो ते मिस्त्री मिलमधले. घरी आम्ही मराठी, पण मोटारीचं शिक्षण सगळं हिंदीत झालं, आणि त्याचा पहिला धडा होता ‘एचपी का डेढ़ गुना’. दहा एचपीला पंधरा अँपियर. केबल, फ्यूज, स्टार्टर सगळं त्यावरून.

हा आडाखा खोटा नव्हता. दहा एचपी म्हणजे साडेसात किलोवॅट. 415 व्होल्ट, पॉवर फॅक्टर 0.85 आणि कार्यक्षमता 88 टक्के धरून 7500 ला 1.732, 415, 0.85 आणि 0.88 यांच्या गुणाकाराने भागलं की चौदा अँपियर येतात. पण एक एचपीची मोटार पावणेदोनच्याही वर जाते आणि शंभर एचपीची सव्वाशे-एकशेतीसमध्येच भागवते. लहान मोटारीचा पॉवर फॅक्टर आणि कार्यक्षमता दोन्ही कमी, म्हणून दीडपट तिला अपुरी पडते आणि मोठीला जास्त होते. हे कळायला मला काही वर्षं लागली.

खरा धडा एका जळलेल्या मोटारीने दिला. 25 एचपी, स्टार-डेल्टा स्टार्टर, नेमप्लेटवर 34 अँपियर, म्हणून ओव्हरलोड रिलेही 34 वर लावलेला. हिशोब बरोबर, फक्त रिले डेल्टाच्या आत, फेजच्या वाटेवर बसला होता. तिथून लाइन करंटचा 0.58 हिस्साच जातो. रिले वीसच्या आसपास हवा होता. बेअरिंग धरायला लागलं, लाइनचा करंट 45 वर गेला, रिलेला मात्र 26 च दिसले. तो गप्प राहिला. वाइंडिंगच्या जळक्या वार्निशचा वास दोन दिवस शेडमधून गेला नाही.

त्यानंतर टाँगटेस्टर लावल्याशिवाय मी कोणत्याही आकड्यावर भरवसा ठेवला नाही. भर उन्हाळ्यात व्होल्टेज 380 वर उतरलं की त्याच लोडवर चौदाचे पंधरा-सव्वापंधरा होतात, हे नेमप्लेट सांगत नाही. पुढे मोटारीचा वेग बदलणारे ड्राइव्ह आले तेव्हा नवी गफलत झाली. कन्व्हेअर अर्ध्या वेगाने चालताना पोरं ड्राइव्हच्या आधीच्या केबलला टाँगटेस्टर लावायची, करंट निम्म्याच्या आसपास दिसायचा, आणि ‘मोटार हलकी चालतेय’ म्हणून निश्चिंत व्हायची. मोटारीच्या बाजूला मोजलं की तो जवळपास पूर्ण भरायचा, आणि शाफ्टवरचा पंखाही अर्ध्याच वेगाने वारा घालत असायचा.

सूत्र आता मोबाइलवर क्षणात सुटतं, ते चांगलंच आहे. पण स्टार-डेल्टाचा रिले लावण्यापूर्वी पेटी उघडून तो लाइनमध्ये आहे की फेजमध्ये, एवढं आधी बघा.