मित्रांसोबत घरीच पहिला अल्बम करायचाय? खोली, माइक आणि हक्कांचं गणित समजून घ्या

नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर तालुक्यातलं खांडबारा हे सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरचं गाव. अशा गावातल्या चार मित्रांना मावचीत किंवा कोकणीत स्वतःची गाणी रेकॉर्ड करायची असतील, तर आता शहरातला स्टुडिओ गाठावाच लागतो असं नाही. मोबाइल किंवा लॅपटॉप, एक बरा माइक आणि शांत खोली एवढ्यात काम होतं. पण आवाज चांगला कसा येईल आणि गाणं चाललं तर ते कुणाचं, हे दोन्ही आधी ठरवावं लागतं.

घरात केलेलं गाणं खरंच चालतं का?

मुंबईतल्या कुर्ल्याच्या नेझी या रॅपरने २०१४ मध्ये ‘आफत’ हे गाणं आयपॅडवर रेकॉर्ड केलं आणि व्हिडिओही त्यावरच शूट केला. पुढे २०१९ च्या ‘गली बॉय’ चित्रपटाला ज्यांच्या आयुष्यावरून प्रेरणा मिळाली, त्यात नेझी होता. त्याच वर्षी अमेरिकेत बिली आयलिशचा पहिला अल्बम आला. तिने तो भाऊ फिनियससोबत लॉस एंजेलिसमधल्या घरी, त्याच्या बेडरूममध्ये तयार केला होता. २०२० मध्ये त्याला ‘अल्बम ऑफ द इयर’चा ग्रॅमी मिळाला.

हा आवाज इतका जवळचा का वाटतो?

घरी गाणारा माइकच्या जवळ बसून हळू आवाजात गातो. एका दिशेचा आवाज घेणाऱ्या माइकजवळ तोंड नेलं की आवाजातला खर्ज वाढतो, श्वासही ऐकू येतो. त्यामुळे कुणीतरी कानाशी बसून गातंय असं वाटतं.

खोली कशी तयार करायची?

महागड्या माइकपेक्षा खोली महत्त्वाची. फरशी, उघड्या भिंती आणि पत्र्यावरून आवाज परत फिरतो आणि गाणं घुमतं. भिंतीला गोधड्या टांगा, खाली गादी किंवा सतरंजी टाका. कपड्यांनी भरलेलं उघडं कपाटही कामी येतं. माइक तोंडापासून साधारण एक वीत लांब ठेवा. रेकॉर्डिंगची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या, नाहीतर वरच्या पट्टीत आवाज फाटतो आणि तो नंतर नीट करणं अवघड जातं. पंखा बंद करा. स्टेशनजवळ घर असेल तर गाड्यांची वेळ पाहूनच बसा. ‘ऑडॅसिटी’ आणि ‘बँडलॅब’ ही सॉफ्टवेअर मोफत मिळतात.

एकत्र वाजवायचं की वेगवेगळं?

वेगवेगळं रेकॉर्ड केलं तर एकाची चूक सगळ्यांना भोगावी लागत नाही. पण ढोल आणि पावरीसारख्या वाद्यांची मजा एकमेकांकडे बघून वाजवण्यात असते, लय त्यातूनच चढते. मधला मार्ग म्हणजे ढोल-पावरी एकत्र, मोकळ्या अंगणात, माइक काही फूट लांब ठेवून रेकॉर्ड करायची. गायकाने नंतर खोलीत, हेडफोनवर ते ऐकत गायचं.

गाणं नक्की कुणाचं?

मैत्री बहुतेक वेळा इथेच अडखळते. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार एकाच गाण्यात अनेक हक्क असतात. शब्दांचा हक्क गीतकाराचा, चालीचा संगीतकाराचा आणि रेकॉर्डिंगचा हक्क ते करण्याची जबाबदारी घेणाऱ्या निर्मात्याचा. गायक-वादकांनाही कलाकार म्हणून ५० वर्षांचा हक्क मिळतो. कॉपीराइट गाणं तयार झाल्याबरोबर लागू होतो, त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. मात्र तो दुसऱ्याला द्यायचा असेल तर लेखी करार लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते.

पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या पारंपरिक गाण्याचे मूळ शब्द आणि चाल कुणा एकाच्या मालकीची नसते. अशा गाण्याखाली ‘गीतकार’ म्हणून स्वतःचं नाव टाकू नका. ‘पारंपरिक’ लिहा आणि ज्या आजीकडून ते शिकलात, तिची संमती घेऊन तिचंही नाव द्या.

पैसे मिळतात का?

स्पॉटिफायवर गाणं थेट टाकता येत नाही, वितरक सेवेमार्फत जावं लागतं. ही सेवा सहसा एकाच्याच खात्यावर असते, म्हणजे पैसेही एकाच्याच हातात येतात. शिवाय २०२४ पासून आधीच्या १२ महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकलं गेलेल्या गाण्यालाच स्पॉटिफाय रॉयल्टी देतं. सुरुवातीला हातात फारसं काही येत नाही, म्हणूनच वाटणी ठरवायला हीच वेळ सोपी असते.

अपलोड करण्याआधी एका कागदावर प्रत्येक गाण्याचे शब्द, चाल, गायन, वादन आणि रेकॉर्डिंग कुणाचं, खातं कुणाच्या नावावर आणि वाटा किती, हे लिहा. सगळ्यांनी सह्या करा आणि त्याचा फोटो प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये ठेवा.