मालाड ते वसई, पन्नास मायक्रोसेकंद

वसईत बसून 558 किलोहर्ट्झवर अस्मिता वाहिनी लावली, की आवाज येतो कुठून? निवेदक असतो चर्चगेटच्या आकाशवाणीत, पण लहरी निघतात मालाडच्या मनोऱ्यावरून. तिथून वसईचा किल्ला सरळ रेषेत जेमतेम पंधरा किलोमीटर. मध्ये गोराई, उत्तन आणि खाडी. आपल्याला एवढ्यासाठी लोकल धरून वसई रोडला उतरावं लागतं आणि पुढे किल्ल्यापर्यंत बस नाहीतर रिक्षा शोधावी लागते. लहरींना पन्नास मायक्रोसेकंद पुरतात. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग.

एवढ्या घाईच्या लहरींनाही ट्रान्समीटरच्या कपाटात मात्र कुणाची तरी वाट बघावी लागते. आपल्या नेहमीच्या रेडिओसाठी नव्हे, डिजिटल रेडिओसाठी. आकाशवाणीने गेल्या दशकात देशभर पस्तीसेक मध्यम लहरी ट्रान्समीटर ‘डीआरएम’ या डिजिटल पद्धतीचे बसवले; मुंबईही त्यात आली. काही नव्या मोटारींमधले रेडिओ हे प्रक्षेपण पकडतात. जुन्या संचावर ते लावलं तर नुसती खरखर ऐकू येते.

जुनी पद्धत सोपी होती. एक स्फटिक ठरलेल्या वेगाने कंप पावत राही, ती वाहक लहर. निवेदकाचा आवाज दुसऱ्या वाटेने येई आणि त्या लहरीची उंची कमीजास्त करी. म्हणजे वाटा तेव्हाही दोनच होत्या. पण वाहक लहरीत निरोप नव्हताच, ती आपली एकसुरी तंबोऱ्यासारखी. आवाज वाटेत दहा मायक्रोसेकंद रेंगाळला, तर बातम्या दहा मायक्रोसेकंद उशिरा. कोणाचं काय बिघडलं?

डिजिटलमध्ये बिघडतं. डीआरएमच्या दहा किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सुमारे दोनशे बारीक लहरी शेजारी शेजारी बसवलेल्या असतात आणि प्रत्येकीत निरोपाचा तुकडा असतो. त्यांच्या बेरजेची उंची क्षणाक्षणाला बदलते आणि कलाही बदलते. शाळेच्या पुस्तकात उंचीला आयाम म्हणतात. कला म्हणजे लहर आपल्या फेऱ्यात नेमकी कुठे आहे ते. चंद्राच्या कलेचाच हा शब्द, आणि इथे फार चपखल बसतो.

आता शंभर किलोवॉटचं यंत्र असली सतत हलती बेरीज जशीच्या तशी मोठी करायला गेलं, तर बरीच वीज उष्णता होऊन वाया जाते. वीज वाचवायची तोड लेनर्ड कान या अमेरिकी अभियंत्याने 1952 मध्येच सुचवली होती. त्याच्यापुढे तेव्हा डिजिटल नव्हतं, सिंगल साइडबँड प्रक्षेपण होतं. त्याचं म्हणणं असं: संदेशाचे दोन भाग करा. कला एका वाटेने नेऊन पूर्ण जोराने वाढवा, आयाम दुसऱ्या वाटेने नेऊन वीजपुरवठा वरखाली करा, आणि अगदी शेवटच्या टप्प्यावर दोघांची गाठ घालून द्या. जुन्या ट्रान्समीटरमध्ये दोन वाटा आयत्याच होत्या. स्फटिकाच्या जागी कला गेली, आवाजाच्या जागी आयाम. इतका काटकसरी जुगाड मी तरी दुसरा पाहिला नाही.

अडचण एवढीच, की दोन्ही वाटा सारख्या वेगाच्या नाहीत. वसईच्या जेटीवरून भाईंदरला रो-रो सुरू झाली 2024 मध्ये. समजा, भाईंदरच्या लग्नाला इथला आचारी लोकलने गेला आणि त्याची भांडी टेम्पोत घालून रो-रोने निघाली. आचारी आधी पोचणार. तो गप्प बसून राहिला तर काही बिघडत नाही, पण तेल ओतायची वेळ झाली म्हणून त्याने कढई नसतानाच तेल ओतलं तर? कला म्हणजे हा उतावळा आचारी. आयामाला स्विच आणि गाळण्यांमधून जावं लागतं, त्यात त्याचे काही मायक्रोसेकंद जातात. कला आधीच हजर असते आणि थांबत नाही.

सगळ्यात वाईट क्षण असतो तो बेरीज शून्याजवळून जाते तेव्हाचा. तिथे कला एका झटक्यात उलटी फिरते. आयाम त्याच क्षणी शून्यावर असेल तर हे फिरणं कोणाला कळतही नाही. पण आयाम मागे राहिला, तर लहर चांगल्या उंचीवर असतानाच उलटते, आणि त्या धक्क्याचे शिंतोडे पट्ट्याबाहेर उडतात. आपल्याकडे मध्यम लहरींवर केंद्रं नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतरावर असतात, म्हणजे शिंतोडे शेजाऱ्याच्याच अंगणात. वर हिशेबही कडक: वेळेतली चूक दुप्पट झाली तर हा दोष चौपट.

म्हणून कलेला मुद्दाम थांबवतात. आकड्यांच्या रूपात ती थोडा वेळ स्मृतीत ठेवायची आणि मग सोडायची. किती वेळ, ते कागदावर काढून भागत नाही. पडद्यावर ट्रान्समीटरचा वर्णपट, म्हणजे कोणत्या वारंवारतेवर किती जोर आहे त्याचा आलेख, लावतात: मध्ये सपाट माथ्याचं पठार, आणि दोन्ही बाजूंना खाली उतरलेले खांदे, म्हणजे तेच बाहेर उडालेले शिंतोडे. हो, अभियंते त्यांना खांदेच म्हणतात. थांबवण्याचा काळ थोडा वाढवला, खांदे खाली गेले. आणखी वाढवला, अजून खाली. आणखी, तर पुन्हा वर यायला लागले. मग एक पाऊल मागे. मायक्रोसेकंदाच्या आतबाहेर हा खेळ चालतो, आणि एका मायक्रोसेकंदात लहर तीनशे मीटर जाते.

हाच प्रश्न आता खिशात आला आहे. फोरजीचा पट्टा वीस मेगाहर्ट्झपर्यंत रुंद असतो, डीआरएमच्या दोन हजार पट. पट्टा जितका रुंद तितकी चुकायची मुभा कमी, त्यामुळे मायक्रोसेकंदाच्या जागी अर्धा नॅनोसेकंद येतो. तेवढ्यात लहर जाते पंधरा सेंटिमीटर, पुरती वीतभरही नाही. पहिल्या पिढीच्या डिजिटल फोनांना हा त्रास नव्हता. जीएसएमच्या लहरीची उंची स्थिरच असे. पुढे डेटाचा वेग वाढला तशी उंची हलायला लागली, आणि 2013 च्या सुमारास काही महागड्या फोनांत संदेशाच्या उंचीबरोबर वीजपुरवठा वरखाली करणारी चिप आली. कानच्या युक्तीचीच ही चुलत बहीण, आणि वेळ जुळवण्याचं दुखणंही तेच.

फरक इतकाच, की फोनसमोर खांदे बघत कोणी अभियंता बसत नाही. अशा फोनांचा विलंब कारखान्यातच मोजतात आणि आकडा फोनच्या स्मृतीत लिहून टाकतात. सेटिंगमध्ये तो कुठेही दिसत नाही. सकाळी वसई रोडला, आधीच विरारहून भरून आलेल्या गाडीत आपण एक पाय आत टाकतो, तेव्हा तो खिशात असतो.