पिसाचा निळा, काचेचा निळा

जूनमध्ये पाऊस कोकणात स्थिरावला की कर्नाळ्याच्या जंगलात तिबोटी खंड्या दिसू लागतो. चोचीच्या टोकापासून शेपटीपर्यंत जेमतेम १३ सेंटिमीटर, म्हणजे चिमणीहूनही लहान. पण तेवढ्याशा अंगावर रंगांची उधळण अशी, की पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो खरा वाटत नाही. पोट पिवळेधमक, डोके नारिंगी आणि त्यावर जांभळी झाक, पंख काळपट निळे, चोच आणि पाय लालभडक. ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बीळ कोरून तो अंडी घालतो आणि पिल्लांना पाली, सापसुरळ्या, कोळी, खेकडे आणून भरवतो. त्या काही आठवड्यांत पनवेल, खारघर, कळंबोली, रोडपाली इथले हौशी छायाचित्रकार पहाटेच लांब लेन्स पाठीवर टाकून मुंबई-गोवा महामार्गाला लागतात. १९६८ मध्ये घोषित झालेले कर्नाळा अभयारण्य पनवेलपासून डझनभर किलोमीटरवर आहे.

फोटो मिळतात, अनेकदा उत्तम मिळतात. पुढे त्यांचे काय होते? बहुतेक हार्ड डिस्कमध्ये पडून राहतात. काही छापून फ्रेममध्ये जातात, आणि कोकणची हवा दोन-चार पावसाळ्यांत कागदाला लाटा आणि काचेआड बुरशीचे ठिपके आणून त्यांचा निकाल लावते. लेन्सलाही इथे बुरशी धरते, म्हणून कॅमेऱ्याच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्या लागतात. या हवेत टिकणारी, न फिकटणारी आणि पुसून घेता येणारी वस्तू म्हणजे रंगीत काच. निसर्गातला फोटो समोर ठेवून, हाताने काच तोडून, तुकडा-तुकडा जोडून चित्र उभे करण्याची कला, म्हणजेच मोझॅक, त्यामुळे आपल्याकडे अगदी व्यवहारी कारणासाठीही विचारात घेण्याजोगी आहे. पण तिचे खरे आकर्षण वेगळे आहे आणि ते निळ्या रंगापाशी सापडते.

खंड्याच्या पिसात निळे रंगद्रव्य नसतेच. पिसाच्या आत केराटिनची स्पंजासारखी अतिसूक्ष्म रचना असते. तिच्यावर पडलेल्या प्रकाशातला निळा भाग तेवढा विखरून परत येतो आणि आपल्याला निळा दिसतो. नारिंगी मात्र रंगद्रव्याचा. म्हणून पक्षी सावलीतून कवडशात आला की नारिंगी थोडा उजळतो, निळा मात्र पेटल्यासारखा होतो. कॅमेरा यातला एकच क्षण पकडतो, आणि त्या क्षणी जो निळा होता तो कायमचा गोठतो. काचेचे तसे नाही. काच प्रकाश थोडा आत घेते, थोडा परतवते, आणि तुकडा किंचित तिरका बसवला असेल तर सकाळी एक दिसते, संध्याकाळी दुसरे. फोटोने पिसाचे जे हिरावून घेतले त्यातले थोडे काच परत देते. या जोडकामाचा सगळा अर्थ मला तरी इथेच दिसतो.

तिरके बसवण्याची ही युक्ती जुनी आहे. इटलीतल्या राव्हेना गावात पाचव्या-सहाव्या शतकातली काचेची मोझॅक आजही आहेत. तिथल्या गाला प्लाचिदियाच्या समाधिवास्तूत गडद निळ्या छतावर सोनेरी तारे आहेत आणि भिंतीवर पाणी प्यायला आलेली हरणे. भिंत गुळगुळीत करण्याची घाई त्या कारागिरांनी केली नाही, कारण उंचसखल पृष्ठभागावर दिव्याची ज्योत हलली की छत हलल्यासारखे वाटते. सोनेरी तुकडा म्हणजे काचेच्या दोन थरांमध्ये दाबलेला सोन्याचा वर्ख. व्हेनिसमधली ओर्सोनी ही १८८८ ची भट्टी अशी काच अजून बनवते, आणि वास्तुकार गौदीने बार्सिलोनाच्या सग्रादा फामिलियासाठी तिथूनच काच घेतली होती.

आपल्या जवळचा आणि निसर्गाशी थेट जोडलेला नमुना उदयपूरच्या राजवाड्यात आहे. तिथल्या मोर चौकात भिंतीतून पुढे झेपावणारे मोर महाराणा सज्जनसिंहांच्या काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, रंगीत काचेचे सुमारे ५,००० तुकडे जोडून केले आहेत. तीन मोर म्हणजे तीन ऋतू, असे सांगतात. हे मोर फोटोवरून केलेले नाहीत, आणि ते त्यांच्या पथ्यावर पडले आहे. कारागिराने पिसारा मोजला नाही. मोर कसा उभा राहतो, मान कशी वळवतो, हे मात्र त्याने नीट पाहिले होते.

फोटोवरून काम करणाऱ्याची अडचण नेमकी इथे सुरू होते. फोटोत फार माहिती असते. साधा हिशेब करू. आजचा सर्वसाधारण कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे चित्रात २ कोटी ४० लाख ठिपके. दोन फूट बाय तीन फुटांचा, म्हणजे साधारण ६० बाय ९० सेंटिमीटरचा फलक सेंटिमीटरभर तुकड्यांनी भरायचा तर ५,४०० तुकडे लागतात. म्हणजे एकेका तुकड्याला सुमारे ४,४०० ठिपक्यांची जागा एकट्याने भरून काढायची. त्यांची सरासरी काढून रंग ठरवला, तर हाती येतो तो चिखल. संगणकावर एक कळ दाबून फोटोचे चौकोन करून देणारी साधने हेच करतात, आणि म्हणूनच त्यांच्या नकाशावरून केलेली कामे लांबून फोटोसारखी आणि जवळून स्नानगृहाच्या भिंतीसारखी दिसतात. हाताने काम करणारा सरासरी काढत नाही, निवड करतो. पंखावर बारा निळ्या छटा असतील तर तो तीन ठेवतो आणि त्या तीन एकमेकींना खेटून अशा लावतो की उरलेल्या नऊ पाहणाऱ्याच्या डोळ्यात तयार होतात.

दुसरी निवड ओळींची. तुकडे कोणत्या दिशेने वाहतात याला इटालियन कारागीर ‘अंदामेंतो’ म्हणतात. पिसे मानेकडून शेपटीकडे जातात, तर काचही तशीच जायला हवी. पार्श्वभूमीचे तुकडे आधी पक्ष्याच्या कडेला एक ओळ धरून फिरवायचे आणि मग बाहेर पसरवायचे. ती एक ओळ चुकली तर पक्षी भिंतीला चिकटवल्यासारखा दिसतो. डोळ्याला पुष्कळ जण सर्वांत आधी हात घालतात. काळ्या तुकड्यात तांदळाच्या कणीएवढी पांढरी काच. फोटोत डोळ्यातली चमक नसेल तर तो फोटो या कामातून बाद समजावा.

आता काचेकडे. रोडपालीच्या आसपास राहणाऱ्याला व्हेनिसची काच नको आणि परवडायचीही नाही. बाजारात सहज मिळते ती पोहण्याच्या तलावासाठीची दाबीव काच. वीस मिलिमीटर चौरस, चार मिलिमीटर जाड, जाळीवर किंवा कागदावर चिकटवलेली, एका पानात पंधरा गुणिले पंधरा म्हणजे २२५ तुकडे. नवी मुंबईत प्रत्येक नव्या टॉवरला पोहण्याचा तलाव असतोच, त्यामुळे निळ्या-हिरव्या छटांना तोटा नाही. निळा येतो कोबाल्टमधून, मोरपिशी तांब्यातून, बाटलीचा हिरवा लोखंडातून, जांभळा मँगनीजमधून. खरी पंचाईत नारिंगीची आणि लालची. त्यांना कॅडमियम आणि सेलेनियम लागते, ते महागही आणि भट्टीत सांभाळायला कटकटीचेही. म्हणजे तिबोटी खंड्याचे पंख स्वस्तात होतात आणि खिसा रिकामा होतो तो चोचीवर.

महाराष्ट्राला काच नवी नाही. लोकांकडून पैसा-पैसा गोळा करून उभ्या राहिलेल्या, अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडाने १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे इथे काच कारखाना काढला आणि त्यात शिकलेली माणसे देशभर गेली. कराडजवळ ओगलेवाडीला ओगले बंधूंचा कारखाना १९१६ मधला. तिथला प्रभाकर कंदील घरोघरी पोहोचला. या दोन्ही ठिकाणी काच रोजच्या वापरासाठी होती. चित्रासाठी काच ओतण्याची परंपरा मात्र इथे रुजली नाही, याची मला हळहळ वाटते.

पण तुकडे जोडण्याचा हात इथे आहे, आणि तो गच्चीवर सापडतो. मुंबई-नवी मुंबईत गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी ब्रिकबॅट कोब्यावर फुटक्या चिनीमातीच्या टाइल्सचे तुकडे बसवतात. हेच चायना मोझॅक. पांढरे तुकडे ऊन परतवतात, पाणी उतारावरून निघून जाते. उकिडवा बसून, हातात आलेला वेडावाकडा तुकडा न मोजता नेमका त्याच्या जागी घालणारा कारागीर पाहावा. दोन तुकड्यांतली फट कमीत कमी ठेवायची हा त्याचा नियम, कारण पाणी फटीतूनच शिरते. बार्सिलोनात गौदी आणि त्याचा सहकारी जुजोल यांनी पार्क ग्युएलच्या बाकांवर हेच केले तर जग बघायला जाते. आपण मात्र त्याच जातीच्या कामावर पापड वाळत घालतो. कळंबोली-रोडपालीत कुणी काचेच्या मोझॅकचा वर्ग काढलाच, तर पहिला शिक्षक म्हणून अशाच एखाद्या कारागिराला बोलवावे.

साहित्य फार नाही. काच तोडायचा दोन चाकांचा निपर, चिमटा, डोळ्यांवर चष्मा आणि तोंडाला मास्क. शेवटच्या दोन गोष्टी हौशी माणूस टाळतो आणि नेमक्या त्याच टाळू नयेत. फोटो हव्या त्या आकारात छापून त्यावरून ट्रेसिंग पेपरवर फक्त मोठ्या रेषा उतरवायच्या. काम दोन प्रकारे होते. एकात तुकडे सरळ पायावर चिकटवतात. दुसऱ्यात ते कागदावर पालथे, पाण्यात विरघळणाऱ्या खळीने लावतात, सगळा फलक उलटा सिमेंटवर बसवतात आणि मग कागद ओला करून सोलतात. पालथ्या पद्धतीत पृष्ठभाग सपाट मिळतो, म्हणून जमिनीसाठी ती बरी, पण त्यात आधी सांगितलेला तिरकेपणा मारला जातो. भिंतीवरच्या पक्ष्यासाठी सरळ पद्धतच घ्यावी. पाया प्लायवुडचा नको, इथल्या दमटपणात तो फुगतो. सिमेंट बोर्ड घ्यावा. आणि फटी पांढऱ्या सिमेंटने भरू नयेत. पांढरी रेघ प्रत्येक तुकड्याभोवती कुंपण घालते आणि रंग मेलेले दिसतात. गडद राखाडी ग्राउट भरले की तेच रंग एकमेकांशी बोलू लागतात.

रंगाबद्दल बोलताना रोडपालीत बसून तळोजा विसरता येत नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोजा औद्योगिक वसाहतीत निळ्या रंगाचे भटके कुत्रे फिरताना दिसले, त्यांचे फोटो जगभर गेले, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने एक कारखाना बंद करायला लावला. तिथल्या कासाडी नदीकाठच्या लोकांना त्यात नवल नव्हते, कारखान्यांच्या सांडपाण्याबद्दलच्या त्यांच्या तक्रारी जुन्याच होत्या. त्या वर्षी या परिसरातला सर्वांत गाजलेला प्राण्याचा फोटो बहुधा तोच. त्याचे मोझॅक कुणी केलेले माझ्या पाहण्यात नाही. करायला हवे, आणि कोबाल्टचीच काच वापरून.

तिबोटी खंड्याबाबत मात्र माझे मत थोडे कडवट आहे. घरट्यासमोर लेन्सची रांग लागली की आईबाप बिळाकडे यायला कचरतात आणि पिल्ले उपाशी राहतात. त्यात हा पक्षी जंगलाच्या अंधारात बसतो, पावसाळी उजेड अपुरा, आयएसओ वाढवावा लागतो आणि फोटोत दाणे येतात. छायाचित्रकाराला ते खुपते, काचेला त्याचे काहीच नाही, कारण दाणे तसेही गाळले जाणार. म्हणजे मोझॅकसाठी घरट्याजवळ जाण्याची मुळी गरजच नाही. लांबून मिळालेला, स्पष्ट बाह्यरेषेचा फोटो इथे जिंकतो.

आणि त्यासाठी कर्नाळ्यालाच जायला हवे असेही नाही. खाडीकडच्या पाणथळींत जांभळी पाणकोंबडी वर्षभर दिसते. अंग मोठे, निळ्या-जांभळ्याचे दोन-तीन सलग पट्टे, कपाळापर्यंत चढलेली लाल चोच, भोवती जलपर्णीचा एकसंध हिरवा. तलावाच्या टाइल्सचे दुकान आणि ही पाणकोंबडी जणू एकाच छटापत्रिकेवरून रंगवली आहेत. फोटो सकाळी नऊनंतरचा, कडक उन्हातला घ्यावा. पुस्तके ही वेळ टाळायला सांगतात, पण उजेड-सावलीची तुटक विभागणी काच कापणाऱ्याला हवीच असते. लाल काचेचे एक पान पुरते, आणि त्यातलेही बरेच उरते.