लॅपटॉप गेला, ओव्या राहिल्या

आत्याचा लॅपटॉप २००५ सालचा. जात्यावरच्या ओव्या गोळा करत ती गावोगाव हिंडली आणि रात्री बसून त्या याच लॅपटॉपवर टाइप केल्या. तीन वर्षांपूर्वी तो चालू होईनासा झाला. दुरुस्तीवाल्याने मदरबोर्ड गेल्याचं सांगितलं. “गेलं रे सगळं,” म्हणत आत्याने तो जुन्या साडीत गुंडाळून कपाटात ठेवून दिला.

असा समज घरोघरी असतो. लॅपटॉप बंद पडतो तेव्हा बहुधा मदरबोर्ड, स्क्रीन नाहीतर चार्जिंगचा भाग गेलेला असतो. मजकूर सांभाळणारी हार्ड डिस्क त्यांच्याहून वेगळी. त्या काळच्या बऱ्याच लॅपटॉपांत तळाचं छोटं झाकण उघडलं, दोन-चार स्क्रू काढले की ती सरकून हातात येते. मग ती दुसऱ्या संगणकाला जोडायची, की झालं. हे जोडण्याचं काम अडॅप्टर करतो.

हातात मावणारी प्लास्टिकची डबी, एका टोकाला यूएसबीची वायर, दुसरीकडे डिस्कसाठीची तोंडं. आत एक चिप. संगणक यूएसबीची भाषा बोलतो, डिस्कला कळते एटीए. ही चिप दोघांमधली दुभाषी. संगणकाने मागितलेला तुकडा ती डिस्कच्या भाषेत मागते आणि आलेलं उत्तर उलटं पोहोचवते. मूळ लॅपटॉप, त्याचा मदरबोर्ड, त्याची विंडोज, यातल्या कशाचीच मग गरज उरत नाही.

तळहातावर मावणाऱ्या या डिस्कमागे मोठा इतिहास आहे. १९५६ साली आयबीएमने रॅमॅक हा संगणक आणला, तेव्हा त्याच्या डिस्कमध्ये २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्यात ५० लाख अक्षरं मावत. लॅपटॉपला सोसणारी अडीच इंची डिस्क १९८८ साली प्रेअरीटेक कंपनीने आणली, ती २० मेगाबाइटची. आत्याची डिस्क ४० गिगाबाइटची, म्हणजे अक्षरांच्या हिशेबात रॅमॅकच्या सुमारे आठ हजार पट.

अडॅप्टर घेताना आपली डिस्क कोणती, हे आधी बघावं. टाचण्यांसारख्या पिनांच्या दोन रांगा दिसल्या तर ती जुनी आयडीई. एल आकाराच्या दोन चपट्या खाचा दिसल्या तर ती २००३ नंतर रुळलेली साटा. आयडीईत एक खोच आहे. डेस्कटॉपच्या डिस्कला ४० पिना असतात आणि वीज वेगळ्या वायरीने येते. लॅपटॉपच्या डिस्कला ४४ बारीक पिना असतात आणि वीजही त्यांतूनच जाते. शेजारीच डिस्कची सेटिंग ठरवणाऱ्या जंपरच्या आणखी चार पिना. अंदाजाने दाबलं तर कनेक्टर एक घर सरकून बसतो आणि वीज भलत्याच पिनेत शिरते. म्हणून रिकामं घर कुठलं, पिना कुठून सुरू होतात, हे उजेडात पाहूनच जोडावं.

विजेचा हिशेबही समजून घ्यावा. लॅपटॉपच्या डिस्कला ५ व्होल्ट पुरतात, तेवढे यूएसबी देते. डेस्कटॉपच्या डिस्कला १२ व्होल्टही लागतात, त्यासाठी वेगळा चार्जर जोडावा लागतो. पण यूएसबी २.०चं एक पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतं आणि तबकडी फिरायला लागताना डिस्क त्याहून जास्त मागू शकते. डिस्क सुरू होऊन पुन्हा पुन्हा थांबत असेल, तर दोन पोर्टांतून वीज घेणारी दुहेरी वायर वापरून पाहावी.

जोडल्यावर आधी ऐकावं. एकसारखी घूंऽ ऐकू आली तर ठीक. ठराविक लयीत ‘टक्-टक्’ येत असेल, तर तत्काळ वीज काढावी. वाचणारा हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगतो. तो बिघडला असेल तर प्रत्येक मिनिटाला नुकसान वाढतं. अशी डिस्क घरी उघडू नये, धुळीचा एक कणही तिला पुरतो. हे काम धूळमुक्त खोली असणाऱ्या प्रयोगशाळेचं.

आणि ‘डिस्क फॉरमॅट करायची का?’ असं विंडोजने विचारलं, तर उत्तर एकच: नाही. पुसलेल्या फाइलचीही बहुधा फक्त यादीतली नोंद जाते. मजकूर तिथेच असतो, त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. म्हणून जुन्या डिस्कवर एक अक्षरही लिहू नये. आधी अख्ख्या डिस्कची नक्कल काढावी आणि शोधाशोध त्या नकलेत करावी. जीएनयू डीडीरेस्क्यू हा मोफत प्रोग्राम आधी नीट वाचता येणारा भाग उचलतो आणि मग खराब जागांकडे वळतो. नव्या लॅपटॉपांची गोष्ट निराळी. त्यांच्यातल्या एसएसडीत पुसलेला मजकूर सहसा लवकरच कायमचा जातो आणि विंडोजचं बिटलॉकर हे कुलूप असेल तर ४८ अंकी किल्लीवाचून बहुधा काही उघडत नाही.

आत्याची डिस्क घूंऽ करून फिरली. पूर्ण नक्कल निघाली. लिनक्समध्ये ती उघडली, त्यामुळे विंडोजच्या परवानग्या आड आल्या नाहीत. ओव्यांचा फोल्डर सापडला. फाइल उघडली तर पानभर रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी.

आत्याचा चेहरा पडला. पण फाइल शाबूत होती. युनिकोड रुळण्याआधीचे मराठी फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवत. तो फॉन्ट नसेल तर मजकूर असूनही वाचता येत नाही. आणि तो फॉन्ट त्याच डिस्कवर, विंडोजच्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरमध्ये होता. म्हणून कळकळीने सांगतो: जुन्या डिस्कवरून मराठी मजकूर काढाल, तेव्हा हा फोल्डरही उचला. पुढे सगळं युनिकोडमध्ये करून घ्या आणि दोन ठिकाणी ठेवा.

फॉन्ट बसवला, अक्षरं जागेवर आली. आत्या चष्मा लावून पुढे सरकली, पहिलं पान सावकाश वाचलं आणि म्हणाली, “ही ओवी सांगणारीचं नाव लिहायचं राहिलंय. आधी ते घाल.”