एक घनमीटर आत, तीस घनमीटर तयार

सुतार घरी आणतो ती आठ बाय चारची, १८ मिलिमीटरची प्लायची शीट आकारमानाने जेमतेम ०.०५४ घनमीटर भरते. अशा साडेअठरा शीट रचल्या की एक घनमीटर होतो. प्लायवूड, एमडीएफ, पार्टिकल बोर्ड, लाकडी चिपट्या दाबून केलेला ओएसबी असा सगळा माल धरला तर जगात वर्षाला सुमारे ३७ कोटी घनमीटर तयार होतो. तो सगळा १८ मिलिमीटर जाडीचा मानून अंथरला, तर साडेपाच गोवे झाकले जातील, आणि हे दरवर्षी.

यातला साधारण पाव हिस्साच परदेशी जातो. चीन एकटा जगातल्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक माल बनवतो, पण त्यातला फार मोठा भाग तिथल्याच बांधकामात आणि फर्निचरमध्ये जिरतो. कॅनडाचं उलट: त्याच्या ओएसबीचा मुख्य ग्राहक म्हणजे अमेरिकेतली घरबांधणी.

देशादेशांची तुलना करताना मला मात्र दुसरीच गोष्ट थक्क करते. हे आकडे झाडांपेक्षा कायद्यांच्या तालावर हलतात. इंडोनेशियाने १९८५ मध्ये ओंडक्यांची निर्यात पूर्ण बंद केली आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तो प्लायवूडचा जगातला सर्वांत मोठा निर्यातदार होता. जंगल तेच होतं, फक्त लाकूड सोलण्याचं काम जपान, कोरियातून इंडोनेशियात आलं.

रशियाचं उदाहरण ताजं आहे. २०२१ मध्ये रशियाने तीस लाख घनमीटरहून अधिक प्लायवूड बाहेर पाठवलं, त्यात बर्च झाडाच्या लाकडाचंच मुख्य. जुलै २०२२ पासून युरोपीय संघाने तो माल बंद केला, आणि कझाकस्तान व तुर्कस्तानातून येणारं बर्च प्लायवूड अचानक वाढलं. कझाकस्तानचा बहुतेक भूभाग गवताळ आणि वाळवंटी, तिथे एवढा बर्च आला कुठून? चौकशीनंतर मे २०२४ मध्ये युरोपने रशियन मालावरचं अँटी-डंपिंग शुल्क या दोन्ही देशांच्या मालालाही लावलं. तोपर्यंतच्या तक्त्यांत मात्र कझाकस्तान निर्यातदार म्हणूनच दिसतो.

आपल्याकडच्या शीटमध्येही असा प्रवास लपलेला आहे. वरचा गुळगुळीत थर, ज्याला दुकानदार 'फेस' म्हणतात, तो वर्षानुवर्षं म्यानमारच्या गर्जन लाकडाचा असे. १ एप्रिल २०१४ पासून म्यानमारने ओंडके देणं थांबवलं. गॅबॉनने तर २०१० मध्येच ओंडक्यांची निर्यात बंद केली होती. मग भारतीय कंपन्यांनी गॅबॉनमध्येच कारखाने घातले आणि तिथल्या ओकुमे लाकडाचे पापुद्रे सोलून इकडे आणायला सुरुवात केली.

हा पापुद्रा साधारण ०.३ मिलिमीटरचा, कागदाच्या तीन पानांएवढा. दोन्ही बाजूंना मिळून ०.६ मिलिमीटर. मधला सगळा कोर यमुनानगरच्या आसपास शेताच्या बांधावर वाढलेल्या पॉपलरचा आणि निलगिरीचा. १८ भागिले ०.६ म्हणजे ३०. नासधूस सोडली तर गॅबॉनहून आलेल्या एका घनमीटर ओकुमेवर तीस घनमीटर, म्हणजे साडेपाचशेहून अधिक शीट उभ्या राहतात. आयातीच्या रकान्यात १, उत्पादनाच्या रकान्यात ३०. नुसते हे रकाने वाचून भारत गॅबॉनच्या जंगलावर किती अवलंबून आहे हे कुणी ठरवलं, तर तो तिसाव्या हिश्श्याचा हिशोब करील. पण तो पापुद्रा आला नाही, तर तीसच्या तीस घनमीटरना नवा फेस शोधावा लागतो.