सिक्लिडचं भांडण आणि भिलाईचा चुनखडक

सिक्लिड पाळणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते: दुकानात गुण्यागोविंदाने नांदणारे मासे घरी आले की महिन्या-दोन महिन्यांत एकमेकांच्या जिवावर उठतात. दुकानात असतात ती पिल्लं. वयात आलेल्या नराला हद्द लागते, आणि काचेच्या चार भिंतींत हरलेल्याला पळायला जागा नसते.

या कुळातले भारताचे मूळ रहिवासी तीनच. त्यांतला कालुंदर गोव्याच्या खाडीत मिळतो; केरळात तोच करिमीन. भिलाईतल्या हौशी घरांत दिसतात ते परके: दक्षिण आणि मध्य अमेरिकेतले ऑस्कर नि कॉन्व्हिक्ट, मलेशियात संकरातून घडवलेला फ्लॉवरहॉर्न आणि आफ्रिकेच्या मलावी सरोवरातले खडकांत राहणारे रंगीबेरंगी 'म्बुना'.

मलावीच्या माशांना इथली भूमी मानवते. त्यांना जड, अल्कधर्मी पाणी लागतं; पीएच ७.८ ते ८.६. छत्तीसगडच्या मैदानात चुनखडक अमाप. नंदिनीच्या खाणीतला दगड भिलाईच्या पोलाद कारखान्याला जातो. टाकीसाठी आणलेल्या दगडावर व्हिनेगरचे थेंब टाकावेत. फसफसला तर तो चुन्याचा. असे दगड पाण्याचा जडपणा टिकवतात आणि कपारीही देतात. मात्र ते आधी तळाशी बसवून मग वाळू घालावी, कारण हे मासे वाळू उकरतात आणि वरचे दगड ढासळून काच फुटते.

भांडणाचं शास्त्र प्राणिवर्तनाचा अभ्यासक कोनराड लॉरेन्झने आक्रमकतेवरच्या १९६३च्या पुस्तकात रंगवलं आहे. काचेच्या पडद्यापलीकडे शेजारी जोडी दिसत असली की नर तिच्यावर राग काढतो आणि घरात नीट वागतो. पडद्यावर शेवाळ चढून शेजारी दिसेनासा झाला की तोच राग मादीवर निघतो. काच पुसली की घरात पुन्हा शांतता. म्बुना पाळणाऱ्यांचा 'टाकी भरलेली ठेवा' हा उफराटा वाटणारा सल्ला इथे उलगडतो. चार मासे असतील तर एकाच दुबळ्याच्या पाठी लागतात. पंधरा-वीस असले की मार वाटला जातो. अट एवढीच, की फिल्टर दणकट हवा आणि दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायला हवं.

चार फूट लांब, दीड फूट रुंद नि दीड फूट उंच टाकीत सुमारे अडीचशे लिटर पाणी मावतं. म्बुनासाठी याहून लहान टाकी नको. एका नरामागे तीन-चार माद्या ठेवाव्यात. मादी सुमारे तीन आठवडे अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते, खात नाही. तिला नराला न शिरता येणारी कपार हवी. नवा मासा सोडताना आधी दगडांची मांडणी बदलावी, म्हणजे जुन्या हद्दी मोडतात, आणि दिवे घालवावेत.

हरलेला मासा ओळखायला शिकावं. त्याचा रंग उतरतो, शेपटी फाटते, तो हीटरच्या मागे पृष्ठभागालगत अंग चोरून लटकतो आणि खाणं टाकलं तरी खाली येत नाही. ऑराटस या म्बुनाचे दबलेले नर तर मादीसारखे पिवळेच राहतात. मे महिन्यात भिलाईचा पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो, माशांची गरज मात्र वाढते आणि मार खाल्लेला मासा आधी दगावतो. टाकीच्या पृष्ठभागावर पंख्याचा वारा आणि जादा एअर पंप, एवढी सोय एप्रिलमध्येच करावी.

फ्लॉवरहॉर्नला भांडण वाटून टाकण्याचे हे उपाय लागू पडत नाहीत. त्याला एकट्याला टाकी द्यावी. जोडीदार हवा हा आपला आग्रह, त्याचा नव्हे. आणि नकोसा झालेला मासा तलावात सोडू नये. १९५२ साली भारतात आणलेला तिलापिया याच कुळातला. तो किती जलाशयांत पसरला, हे मासेमारांना विचारावं.

सिक्लिडचं भांडण मिटत नाही, वाटता मात्र येतं. ज्याच्या वाट्याला सगळाच मार येतो त्याच्यासाठी दुसरी टाकी लागते, आणि तिची जागा पहिला मासा आणण्याआधीच ठरवायला हवी.